जोंधळ्याच्या मुळाशी

फार पूर्वी, चंद्रसेन राजा अरणिपूर नगरात राज्य करीत असताना, बोधिसत्त्वाने नगराबाहेरच्या तिंदुक गावी एका शेतकऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव क्षेमक. ओढ्यापलीकडे त्याचे एकच शेत होते, पण जमीन काळीभोर होती.

शृंगक हा त्या गावचा ग्रामणी, म्हणजे गावप्रमुख. माणूस वाईट नव्हता. फक्त काही बिघडले की आधी गुन्हेगार शोधायचा आणि मग कारण. एका वर्षी त्याच्या जोंधळ्यात टारफुला उगवला. नाजूक पांढऱ्या फुलांचे हे वीतभर तण त्या मुलखात पूर्वी कोणी पाहिले नव्हते. ते जिथे उगवे तिथला जोंधळा ओल्या जमिनीतही तहानल्यासारखा पिवळा पडे. शृंगकाने ते उपटले, जाळले, जमीन उभी-आडवी नांगरली. पुढच्या वर्षी ते दुप्पट आले आणि शेजारच्या शेतांत शिरले.

गावात एक रीत होती. पेरणीआधी प्रत्येक घर आपले मूठभर बियाणे एका टोपलीत घाली आणि त्या मिसळीतली पहिली मूठ प्रत्येक शेतात पडे. वेतसा नावाची एक विधवा तान्ह्या लेकीला घेऊन दक्षिणेकडून येऊन राहिली होती. तिनेही त्या टोपलीत आपली मूठ घातली होती. झाले, शृंगकाला गुन्हेगार सापडला.

"हिच्याच मुठीतून ही पीडा आली," तो पंचांसमोर म्हणाला. "सुगी झाली की हिनं गाव सोडावं."

"पोरीला घेऊन जाऊ कुठं?" वेतसा म्हणाली. "आणि मी घातली ती चवळी होती, दादा. जोंधळा नव्हता." कोणी ऐकले नाही.

क्षेमक उठला आणि शृंगकाला त्याच्याच शेतात घेऊन गेला. तिथे जोंधळ्याचे एक ताट त्याने ढेकळासकट काढले आणि ओढ्याच्या पाण्यात हलकेच धुतले. माती विरघळत गेली. शृंगक वाकून बघू लागला आणि बघतच राहिला. टारफुल्याचे मूळ जोंधळ्याच्या मुळात शिरून एकजीव झाले होते.

मग क्षेमकाने टारफुल्याचे एक सुकलेले बोंड तळहातावर चोळले. श्वासानेही उडेल अशी काळसर धूळ पडली.

"काका, हे त्याचं बी. दूरदेशीचे शेतकरी सांगतात, वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. नुसत्या पाण्यानं डोळा उघडत नाही. जोंधळ्याचं मूळ अगदी जवळ आलं, तरच जागं होतं. चवळीच्या मुळाशीही ते फसून जागं होतं, पण तिथं त्याला प्यायला काही मिळत नाही. मग मरतं."

शृंगकाने खाली पाहिले. आजवर तो ह्याच धुळीवरून चालत होता. पायाखाली असंख्य कण एका मुळाची वाट बघत निजले आहेत, ह्या विचाराने त्याला पाऊल टाकवेना. पण ग्रामणीचा हट्ट एवढ्याने सुटतो थोडाच! "ते काही असो," तो म्हणाला, "आणलं हिनंच."

"मग तुमचं शेत मी घेतो, माझं तुम्ही घ्या. तीन वर्षं. तुम्ही घ्याल त्या माझ्या शेतात वेतसाताई पाऊल ठेवणार नाही, तिच्या मुठीतलं बियाणंही पडणार नाही. टारफुला तिच्यामुळं असेल, तर तिथं उगवणार नाही. तोवर तिला राहू द्या."

गाव हसले. जोंधळ्याला नगरात कधी नव्हे तो भाव आलेला, आणि ह्या शहाण्याने चांगले शेत देऊन नासके घेतले! क्षेमकाने वेतसाकडून बियाणे मागून घेतले आणि दोन वर्षे तिथे चवळीच पेरली. पलीकडे शृंगकाच्या कणग्या भरत होत्या.

तिसऱ्या वर्षी शृंगक ओढा ओलांडून जोंधळा बघायला गेला आणि जागीच थिजला. पिकाच्या बुडाशी पांढरी फुले होती. वेतसा तिथे कधीच फिरकली नव्हती, तिची मूठही तिथे पडली नव्हती. फुले सर्वांत दाट होती ती त्याचे बैल शेतात शिरत त्या वाटेवर. जुन्या शेतातून बैल इकडे आणले तेव्हा त्यांच्या खुरांना लागलेला चिखल त्याने धुतला नव्हता.

तो धावत जुन्या शेताकडे गेला. तिथे क्षेमकाने त्या वर्षी जोंधळा पेरला होता. शृंगकाने एक ताट काढून ओढ्यात धुतले, मग दुसरे, मग तिसरे. मुळे मोकळी होती. चुकूनमाकून उगवलेले टारफुल्याचे रोप वेतसा फुलाआधीच उपटत होती. शृंगक तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"बाई, तिकडं ते मीच नेलं."

वेतसाने हातातले तण खाली ठेवले. "चवळी किती हवी, दादा?" तिने विचारले. शृंगकाला रडू आवरेना.

मुदत संपली तेव्हा क्षेमकाने बरे झालेले शेत ग्रामणीला परत दिले, आपले बिघडलेले शेत घेतले आणि पुन्हा चवळीपासून सुरुवात केली.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, समोर बसलेल्या भिक्षू तित्तिलाकडे पाहिले. विहारात काही हरवले की तो नव्याने आलेल्या भिक्षुणी मंदारेवर आळ घेत असे. "तित्तिला, तो ग्रामणी तू होतास. वेतसा म्हणजे ही मंदारा. आणि क्षेमक मीच होतो. धुळीचा कण एका मुळासाठी वर्षानुवर्षे थांबतो. माणसासाठी माणसाला थांबता येणे, हीच क्षांती, हीच खरी सहनशीलता."