बांगेतलं जास्तीचं वाक्य

अरे थांब, उठू नकोस! ही गोष्ट ऐकल्याशिवाय मी तुला सोडतच नाही. घडलंय फार फार पूर्वी, राजे-बादशहांच्या वेळी, पण मला तर आज सकाळीच घडल्यासारखं वाटतंय. ऐक.

एक गाव होतं, कागद बनवणाऱ्यांचं. जुन्या चिंध्या कुटायच्या, हौदात भिजवायच्या, लगद्याचे ताव करून घराच्या भिंतींवर वाळवायचे, हाच सगळ्यांचा धंदा. गावात एक लहानशी मशीद होती आणि तिथे बांग द्यायचा जैनूचाचा. तीस वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. त्याचा आवाज मनोऱ्यावरून आला की गावभरची कुटाई थांबायची.

जैनूचाचाला ना बायको, ना पोरंबाळं. दोस्त मात्र एक होता, इलाहीमियाँ. गावातला सगळ्यात म्हातारा कागद-कारागीर. बांग संपायच्या आत हा गडी काठी टेकत पहिल्या ओळीत हजर! आणि नमाज झाली की जैनूचाचाला मिठी मारल्याशिवाय घरी जायचा नाही.

त्या वर्षी गावात ताप आला. आधी खोकला, मग अंग फणफणायचं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस संपायचा. एकाला झाला की शेजारच्याला व्हायचा. मशिदीचे इमामसुद्धा आडवे झाले, आणि नमाज पढवायचं कामही जैनूचाचावरच आलं.

गुरुवारी शहरातून काझीसाहेब घोड्यावरून आले. गावोगाव फिरून थकले होते. ते मशिदीत आलेच नाहीत, पायरीपासून चार हात लांब उभं राहून बोलले.

"जैनुद्दीन, उद्या जुम्मा. जमात नको, एकत्र जमून नमाज नको. ज्यानं त्यानं आपल्या घरी नमाज पढायची."

"तौबा, काझीसाहेब! जुम्म्याला मशीद रिकामी? लोक मला काय म्हणतील?"

"कच्चा लसूण खाऊन आलेल्यालाही आपल्यात सांगितलंय, मशिदीपासून लांब राहा, शेजारच्याला त्रास होतो. लसणाचा एवढा विचार करायचा, आणि तापाचा नाही?"

जैनूचाचानं वळून आत पहिल्या ओळीच्या जागेकडे पाहिलं.

"ही काही माझ्या मनची गोष्ट नाही," काझीसाहेब जरा मऊ झाले. "पैगंबरांच्या काळीही पावसाचिखलाच्या दिवशी बांगेतच सांगायचे, सल्लू फी बुयूतिकुम. नमाज आपापल्या घरी पढा. उद्या तेच वाक्य म्हण. पण इथे अरबी कुणाला कळते? म्हणून बांग झाली की आपल्या बोलीतही ओरडून सांग. विसरू नकोस."

आणि घोडा पुढच्या गावाला निघून गेला.

शुक्रवारी जैनूचाचा मनोऱ्यावर चढला, पण जीव काही थाऱ्यावर नव्हता. तीस वर्षं ज्या तोंडानं 'या' म्हटलं, त्याच तोंडानं 'येऊ नका' कसं म्हणायचं? आणि आज लोक घरी बसले, तर उद्या येतील का? इलाहीमियाँ आला नाही, तर आपल्याला विचारणारं कोण आहे?

त्यानं बांग दिली. ते अरबी वाक्यही म्हटलं, अगदी सुरात. मग बोलीत सांगायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

काझींनी सांगितलेलं वाक्य मी म्हटलंय की, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि तो खाली उतरला.

लोकांनी आवाज ओळखला आणि निघाले. आवाज ऐकला की निघायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. सगळ्यात आधी इलाहीमियाँ!

"काय रे मियाँ, आज बांग लांबवलीस? शेवटी काहीतरी नवीनच होतं. कसली दुआ-बिआ होती की काय?"

"हं," जैनूचाचानं नजर चुकवली. "दुआच समज."

एकोणीस माणसं जमली. खांद्याला खांदा लावून उभी राहिली, एकाच हौदावर तोंडं धुतली होती, नमाज झाल्यावर एकमेकांना भेटली. इलाहीमियाँनी जैनूचाचाला रोजच्यासारखी मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावर दोनदा खोकले.

पुढचा जुम्मा यायच्या आत त्या एकोणिसांतले अकरा जण अंथरुणावर होते.

बुधवारी दुपारी इलाहीमियाँची सून जुलेखा मशिदीच्या दाराशी आली. पदरानं तोंड बांधलेलं, डोळे सुजलेले.

"चाचा, अब्बा आता काही उठत नाहीत. पण एक हट्ट धरलाय. जुम्म्याच्या बांगेत शेवटी तुम्ही नवी दुआ म्हटलीत ना, तिचा अर्थ विचारून ये म्हणाले. जाताना तीच ओठांवर हवी त्यांना."

या वेळी जैनूचाचानं नजर चुकवली नाही.

"बेटी, ती दुआ नव्हती. काझीसाहेबांचा निरोप होता. नमाज घरी पढा, मशिदीत येऊ नका."

जुलेखाला आधी कळेचना. मग कळलं.

"म्हणजे तुम्ही आम्हाला 'येऊ नका' म्हणत होतात? आणि आम्ही आलो तेव्हा आत घेतलंत?" तिचा आवाज फाटला. "हे मी नाही सांगायची अब्बांना. तुम्ही या आणि सांगा."

तो गेला. खिडकीबाहेर उभा राहिला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"जैनू," धापा टाकत इलाहीमियाँ आतून म्हणाले, "माझी माफी नंतर माग. त्या दिवशी आलेल्यांतले आठ जण अजून धडधाकट आहेत. इथे काय उभा आहेस, गाढवा? वर जा!"

जैनूचाचा पळत सुटला. बांगेची वेळ नव्हती, तरी मनोऱ्यावर चढला आणि गावाच्या बोलीत, छाती फुटेस्तोवर ओरडला. मशिदीत येऊ नका. नमाज घरी पढा. चूक माझी आहे, काझींनी शुक्रवारीच सांगितलं होतं. तीनदा ओरडला, चारी दिशांना तोंड करून.

त्यानंतर कुणी आलं नाही. रोज पाचदा तो रिकाम्या मशिदीसाठी बांग द्यायचा आणि पाचदा बोलीत सांगायचा. पुढे दीड महिन्यानं ताप गेला. ते आठही जण वाचले. अकरांतले सहा गेले. त्यांतले इलाहीमियाँ तर दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी गेले. त्यांच्या जनाज्याच्या नमाजेला चारच माणसं होती, एकमेकांपासून लांब लांब उभी. माफी मागायची राहूनच गेली.

म्हणून सांगतो, हुकमाचे शब्द पाळले आणि तो ज्यांच्या जिवासाठी होता त्यांनाच कळू दिला नाही, तर हुकूम पाळलाच नाही.

आता तू खरं सांग. त्या शुक्रवारी मनोऱ्यावर तू असतास आणि खालून तुझा एकुलता एक दोस्त काठी टेकत येताना दिसला असता, तर तू काय केलं असतंस?