तांबड्या दगडांचा धक्का

परमुलखातल्या मर्सूक बंदरात कोकणी खलाशांची चाळीस घरांची वस्ती होती. एके दिवशी नव्या हाकिमाने सगळ्यांना धक्क्यावर बोलावलं आणि तो गुरकावला, "ही जमीन आमची. तुमचं असेल तेवढं उचला आणि आठ दिवसांत चालते व्हा!"

बायका रडू लागल्या. तीन पिढ्या इथेच गेलेल्या, आता जायचं कुठे? म्हाताऱ्या मथुराबाई तांडेलणीने मात्र शांतपणे विचारलं, "हुजूर, आमचं ते सगळं न्यायचं ना?"

"खुंटीसुद्धा ठेवू नका!"

"मग या धक्क्यापासूनच सुरुवात करतो."

"धक्का तुमचा कसा?"

"इथे जिकडेतिकडे पांढरी वाळू, मग धक्क्याचाच दगड तांबडा कसा, याचं कधी नवल नाही वाटलं? खजूर न्यायला आमची गलबतं रिकामी यायची. वाटेत कलंडू नयेत म्हणून तळाशी गावचा जांभा दगड भरायचे. तोच इथे उतरवून माझ्या सासऱ्यांनी हा धक्का बांधला."

हाकीम वाकून दगड न्याहाळू लागला. त्याचं स्वतःचं जहाज त्याच धक्क्याला बांधलेलं होतं.

"बाई," तो अखेर म्हणाला, "तुमचं हे सामान फार जड आहे. ते राहू द्या इथेच."

"बरं हुजूर. मग ते राखायला आम्हीही राहतो."