सदबा गुरवाचा पक्का दात

बोरजाई नावाच्या गावात सदबा गुरव नावाचा एक भोळा तुतारीवाला राहत होता. भोळा म्हणजे किती? तर त्याला कुणी काही सांगितलं की तो तेवढंच करायचा. त्याहून कमी नाही, त्याहून जास्त नाही.

"सांगाल तसं," एवढंच तो म्हणायचा. मग जायचा आणि करायचा.

भैरोबाच्या जत्रेत सदबाची तुतारी वाजल्याशिवाय पालखी हलत नसे. पण एका वर्षी तुतारी जरा बारीक वाजली. देवस्थानचे पंच रंगराव पाटील त्याला म्हणाले, "सदबा, हे काय वाजवणं झालं? तुतारीनं समोरची भिंत फुटली पाहिजे!"

"सांगाल तसं," सदबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो देवळामागच्या भिंतीसमोर उभा राहिला. तुतारी वाजवली. भिंत फुटली नाही. त्यानं तुतारी भिंतीला टेकवून वाजवली. तरी फुटली नाही. मग तो वीस पावलं मागं गेला, तुतारी तोंडाला लावली आणि पळत येऊन भिंतीवर आदळला.

भिंत फुटली नाही. सदबाचा वरचा पुढचा दात मात्र मुळासकट गेला.

आता वारा दाताच्या फटीतून जाऊ लागला. तुतारीतून "तूऽऽ" निघायच्या ऐवजी "फूऽऽस" निघे. देवळाबाहेरची कुत्रीसुद्धा उठून बघेनात. पंच घाबरले. पुढच्या जत्रेत पालखी हलायची कशी? शेवटी बैठक झाली आणि ठरलं, सदबाला नवा दात बसवायचा. खर्च देवस्थान करील.

तालुक्याच्या गावी नलावडे डॉक्टरीणबाई दातांचा दवाखाना चालवत. हाताला हलक्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी सदबाचा फोटो काढला. तोंडाचा, आतून. मग त्याला आणि त्याची बायको हौसा हिला समोर बसवून सांगितलं, "जबड्याच्या हाडात एक बारीक खुंटी बसवायची. हाड तिला हळूहळू धरतं. चारेक महिन्यांनी खुंटी घट्ट झाली की तिच्यावर दात."

खुंटी बसली. डॉक्टरीणबाईंनी आरसा दाखवला. हिरडीतून खुंटीची इवलीशी टोपी दिसत होती.

"झकास खुंटी बसलीय बघा," त्या म्हणाल्या.

सदबा खूश झाला. घरी आला.

आठ दिवसांनी हौसा चूल सारवत होती. अंगणात ओल झाल्यानं शेळीची मेख उपटून आली होती आणि शेळी शेजाऱ्याच्या शेवग्याकडे बघत होती. हौसा आतूनच ओरडली, "अवो, त्या चंद्रीला बांधा की एखाद्या चांगल्या खुंटीला!"

"सांगशील तसं," सदबा म्हणाला.

त्यानं घरात बघितलं. भिंतीतली खुंटी हलत होती. गोठ्यातली कुजली होती. चांगली खुंटी घरात एकच होती. डॉक्टरीणबाईंनीच तसं सांगितलं होतं.

त्यानं दाव्याला बारीक सुतळी जोडली, सुतळीचा फास खुंटीच्या टोपीला घातला आणि तोंड उघडं ठेवून ओट्यावर बसला.

चंद्री जरा वेळ थांबली. मग तिनं शेवग्याकडे उडी घेतली.

हौसा बाहेर आली तेव्हा सदबा ओट्याखाली पालथा पडला होता आणि चंद्री पाला खात होती. तिच्या दाव्याच्या टोकाला खुंटी लोंबत होती.

"बांधली व्हती," सदबा तोंडावर हात धरून म्हणाला. "पण खुंटी कच्ची निघाली."

डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. "अहो, खुंटी नवीन असताना ओढली, हलवली की हाड तिला धरत नाही. मग ती निघते. कुणाचीही निघेल! आता ही जागा आधी भरून येऊ दे. दोन-अडीच महिने थांबायचं, मग दुसरी बसवू. आणि दुसरी बसवली की तिला हात लावायचा नाही. ऐकताय ना? काही झालं तरी खुंटीला हात नाही."

"सांगाल तसं," सदबा म्हणाला.

अडीच महिन्यांनी दुसरी खुंटी बसली. सदबानं तिला हात लावला नाही. ब्रश लावला नाही. पाण्याची चूळ भरायची तरी तोंड एका बाजूला वाकडं करून भरायचा, म्हणजे पाण्याचाही हात लागायला नको. भिंतीतल्या खुंटीलासुद्धा हात लावेना. तिच्यावर त्याचा सदरा अडकवलेला होता. तो तिथंच राहिला. सदबा महिनाभर देवळात उघड्या अंगानं जात होता.

"सदरा घाला की!" हौसा म्हणायची.

"खुंटीवर हाय," सदबा म्हणायचा. "हात लावायचा न्हाई."

महिन्यानं वरचा ओठ सुजला. हिरडी लाल झाली, दाबली की पू यायला लागला. हौसानं त्याला धरून दवाखान्यात नेलं.

"दात घासत होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"का?"

"तुमीच म्हणाला, हात लावू नका."

डॉक्टरीणबाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. "ओढायला हात लावू नका म्हटलं होतं. घासायचं तर असतंच! घाण साठली की खुंटीभोवती जंतू होतात. हिरडी सुजते, मग खालचं हाड झिजतं. हाडच गेलं तर खुंटी उभी कशाच्या जोरावर राहणार?"

त्यांनी हिरडी उघडून खुंटीभोवतालची घाण खरवडून काढली, औषधानं धुतली, गोळ्या दिल्या. फोटो काढून बघितला. "वेळेवर आणलंत. हाड थोडंच झिजलंय. खुंटी वाचली." मग त्यांनी सदबाच्या बाकीच्या दातांकडे बघितलं. ते काळे होते. "मशेरी लावता?"

"लावतो की. तंबाखूबी खातो."

"बंद! एकदम बंद. तंबाखूनं जखम भरत नाही. आजपासून तोंडात काही टाकायचं नाही."

"सांगाल तसं," सदबा म्हणाला.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला नाही. पाणीसुद्धा नको म्हणाला. हौसानं भाकरी पुढं केली, तर त्यानं तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर त्याला भोवळ आली. पाटलांनी घाबरून दवाखान्यात फोन लावला आणि सदबाच्या कानाला धरला.

"अहो, जेवायचं!" डॉक्टरीणबाई फोनवर ओरडल्या. "तंबाखू टाकायची नाही असं म्हटलं मी! पोटभर जेवा. मऊ जेवा. आणि त्या खुंटीला सदबा, हात जोडून सांगते, तान्ह्या बाळासारखं जपा!"

"सांगाल तसं," सदबा म्हणाला. आणि आधी पाच भाकरी दुधात कुस्करून खाल्ल्या.

मग त्यानं शेजारून पाळणा मागून आणला.

पाळण्यात तो मावेना. म्हणून खाली चटई टाकून तो आडवा व्हायचा आणि डोकं तेवढं पाळण्यात ठेवायचा. डाव्या हातानं दोरी ओढायचा. हिरडीला काजळ लावायचा. ओठावर तीट लावायचा. कुणी मोठ्यानं बोललं की बोट ओठावर ठेवून "शूऽऽ" करायचा.

सगळ्यांना वाटलं, चार दिवसांनी थांबेल. बाराव्या दिवशी त्यानं बारसं काढलं.

बायका आल्या. आधी हसायला आल्या, पण पाळणा सजवलेला होता, फुगे लावले होते, मग गाणं म्हणावंच लागलं. रंगराव पाटीलही आले, कारण खुंटी देवस्थानची होती. हौसानं कपाळाला हात लावला, पण आलेल्या माणसांना रिकामं कसं पाठवायचं, म्हणून घुगऱ्या शिजवल्या. खुंटीचं नाव अचला ठेवलं. सदबाचं म्हणणं, नाव असं असावं की पोरगी जागची हलू नये.

शेजारची पारूआत्या म्हणाली, "अरं, बारशाच्या घुगऱ्या बाळाच्या तोंडाला लावायच्या असत्यात. शास्त्र असतं."

"सांगशील तसं," सदबा म्हणाला.

त्यानं मूठभर घुगऱ्या घेतल्या. हरभरे जरा अर्धेकच्चेच राहिले होते. त्यातला एकेक वेचून त्यानं अचलेखाली धरला आणि खालच्या दातानं करकचून दाबला. असे चाळीस हरभरे झाले. एकेचाळिसाव्याला कट्कन आवाज झाला आणि टोपी हलायला लागली.

दवाखान्यात पोचेपर्यंत सदबा रडत होता. "पोरगी गेली," तो म्हणत होता. "बारशालाच गेली."

डॉक्टरीणबाईंनी "कोण पोरगी?" असं विचारलं. हौसानं सगळं सांगितलं. त्यांनी फोटो काढला. बराच वेळ बघितला. आणि पहिल्यांदाच हसल्या.

"अचला शाबूत आहे. हाडानं तिला धरायला सुरुवात केलीय. फक्त वरच्या टोपीचा पेच ढिला झालाय."

त्यांनी बारीक पाना घेतला, दोन वेढे दिले. झालं.

सदबाला विश्वास बसेना. "एवढंच?"

"एवढंच. पण हे नशीब म्हणायचं. आणि नीट ऐका. परत काही ढिलं वाटलं तर घरी खटपट करायची नाही. पक्कड नाही, सुतळी नाही. सरळ माझ्याकडे यायचं."

"सांगाल तसं," सदबा म्हणाला.

पुढच्या सोमवारी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासमोर एक जीप थांबली. जीपच्या टपावर खाट होती. सदबा आणि ड्रायव्हर दोघांनी ती खाली उतरवली, तीन पेशंटांना बाजूला सारून आत आणली आणि दाताच्या खुर्चीशेजारी ठेवली.

"हे काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नवार ढिली वाटली," सदबा म्हणाला. "घरी खटपट केली न्हाई."

डॉक्टरीणबाईंचं वय तेव्हा पंचेचाळीस होतं. त्या दिवशी त्या साठीच्या दिसल्या, असं ड्रायव्हर सांगतो. त्यांनी खाट बाहेर काढायला लावली, आणि हौसाला फोन करून म्हणाल्या, "हौसाबाई, यापुढं जे काय सांगायचं ते मी तुम्हाला सांगणार. यांना तुम्ही सांगा. कमीत कमी शब्दांत."

मग सगळं सुरळीत झालं. हौसा सकाळ-संध्याकाळ समोर उभी राहून दात घासून घ्यायची. "हळू," म्हणायची, तो हळू घासायचा. "पुरे," म्हणायची, तो थांबायचा. मशेरीची डबी तिनं विहिरीत टाकली. सदबा मागोमाग उडी मारायला निघाला होता, पण ती "न्हाई" म्हणाली आणि तो थांबला.

फाल्गुनात डॉक्टरीणबाईंनी खुंटी ठोकून बघितली, फोटो काढून बघितला. हाड चारी बाजूंनी धरून बसलं होतं. त्यांनी वर पांढराशुभ्र दात बसवला. सदबानं आरशात बघितलं. दोन्ही हात जोडले.

"आता हा तुमचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सांभाळा."

चैत्रात जत्रा भरली. पालखीला खांदे लागले. चारी वाड्यांची माणसं श्वास रोखून उभी होती. पाटील काही बोलायला गेले, तर हौसानं त्यांच्या तोंडावर सरळ हात ठेवला. "काई सांगू नका त्यांना," ती म्हणाली.

सदबानं तुतारी उचलली आणि फुंकली.

असा आवाज बोरजाईनं ऐकला नव्हता. देवळावरचे पारवे उडाले. म्हातारी माणसं उठून उभी राहिली. पालखी हलली आणि माणसं रडली. डॉक्टरीणबाई गर्दीत मागं उभ्या होत्या. त्यांनीही डोळे पुसले.

सहा महिने गेले. दवाखान्याच्या वहीत सदबाची तपासणीची तारीख आली. डॉक्टरीणबाईंनी फोन लावला. हौसा नेमकी माहेरी गेली होती, भावजयीचं बाळंतपण होतं. फोन सदबानं उचलला.

"सदबा, सहा महिने झाले. दात पक्का आहे ना, ते एकदा बघून घेऊ."

"येतो की. खाट आणू का?"

"खाट?" डॉक्टरीणबाई दचकल्या. "अजिबात नाही! खाट नको, पाळणा नको, शेळी नको. तेवढा दात आणा. बाकी सगळं घरी राहू दे. कळलं?"

"सांगाल तसं," सदबा म्हणाला.

दोन दिवसांनी दुपारी हौसा दवाखान्यात आली. एकटीच. माहेराहून घरी पोचली होती आणि तशीच उलट्या पावली इकडं आली होती. तिच्या हातात कुंकवाची डबी होती. तिनं डबी टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं.

आत कापसावर दात होता. पांढराशुभ्र. खाली खुंटी. खुंटीला हाडाचा कपचा.

डॉक्टरीणबाईंनी झाकण परत लावलं.

"सदबा कुठायत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घरी," हौसा म्हणाली. "तुमीच म्हणाला म्हणं, तेवढा दात आणा, बाकी सगळं घरी राहू द्या. बाकी सगळं म्हणजे त्ये. घरी बसल्यात, गालाला फडकं बांधून. आन् तुमाला इचारायला सांगितलंय."

"काय?"

"त्यो दात पक्का हाय का न्हाई. त्येंना वाटतंय, हाय. लोहार आन् त्येचे दोन भाऊ सकाळधरनं वढत होते."