चिंगीचं हिरवं छप्पर

प्रमिलाकाकूंच्या गच्चीवर पाण्याची टाकी. टाकीत मासा. टाकीवर खड्यांनी भरलेला ट्रे. टाकीतलं पाणी पंपाने वर चढायचं, खड्यांतून वाहायचं, झुळझुळ झुळझुळ. खड्यांत उगवला होता पालक. आणि माती? मातीचा एक कणही नाही!

पालकाच्या पानाखाली राहायची चिंगी. चिंगी म्हणजे इवलीशी बेडकी.

एक दिवस पान पिवळं पडलं. गळून गेलं. टप्प!

चिंगीच्या पाठीला ऊन लागलं. चर्र चर्र.

"पालकताई, पालकताई, मला पान दे."

"मूळदादा जेवण देईना. मी पान कसं देऊ?"

चिंगी निघाली. टुण् टुण् टुण्.

"मूळदादा, मूळदादा, जेवण दे.
पालकताई पान देईना!"

"धाकटे पक्कं खत देईनात. मी जेवण कसं देऊ?"

धाकटे कोण? खड्यांना चिकटलेले जिवाणू. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, इतके बारीक! चिंगीने खड्याला कान लावला.

"धाकट्यांनो, धाकट्यांनो, पक्कं खत द्या.
मूळदादा जेवण देईना,
पालकताई पान देईना!"

"थोरले कच्चं खत देईनात. आम्ही पक्कं कसं करू?"

थोरले जिवाणू शेजारच्याच खड्यावर. टुण्!

"थोरल्यांनो, थोरल्यांनो, कच्चं खत द्या.
धाकटे पक्कं खत देईनात,
मूळदादा जेवण देईना,
पालकताई पान देईना!"

"मासेभाऊ शी करीना. आम्ही कच्चं कसं करू?"

"शी?" चिंगीने नाक मुरडलं.

"हो, शी! तिचंच तर खत होतं."

चिंगीने टाकीत उडी मारली. डुबुक!

"मासेभाऊ, मासेभाऊ, शी कर.
थोरले कच्चं खत देईनात,
धाकटे पक्कं खत देईनात,
मूळदादा जेवण देईना,
पालकताई पान देईना!"

"काकू दाणे देईनात. पोट रिकामं. मी शी कशी करू?"

चिंगी जिना उतरली. धप्प धप्प धप्प.

प्रमिलाकाकू खिडकीपाशी बसल्या होत्या. गप्प गप्प. त्यांची लेक परगावी राहायला गेली होती.

"काकू, काकू, दाणे द्या.
मासेभाऊ शी करीना,
थोरले कच्चं खत देईनात,
धाकटे पक्कं खत देईनात,
मूळदादा जेवण देईना,
पालकताई पान देईना!"

"माझ्याशी कोणी बोलेना. मला काही सुचेना. मी दाणे कसे देऊ?"

आता कुणाकडे जायचं? चिंगीने वर पाहिलं. काकूंचे डोळे ओले होते.

चिंगी त्यांच्या मांडीवर चढली.

"मी बोलते ना तुमच्याशी!"

आणि बोललीच. ढगांचं बोलली. कावळ्याचं बोलली. माशाच्या शीचंसुद्धा बोलली.

काकू खुदकन हसल्या. "अगंबाई! मासा उपाशी राहिला की!"

मग काय!

काकूंनी दाणे टाकले. टपटप टपटप.
मासेभाऊने शी केली. पुळुक!
थोरल्यांनी कच्चं खत केलं. खुडबुड खुडबुड.
धाकट्यांनी पक्कं खत केलं. खुडबुड खुडबुड.
मूळदादाने जेवण ओढलं. सुर्र सुर्र.

आणि पान?

पान लगेच नाही आलं. चिंगी वाट बघत राहिली. काकू रोज वर यायच्या. दाणे टाकायच्या, चिंगीजवळ बसायच्या. दोघी मिळून वाट बघायच्या.

एका सकाळी पालकताईने हळूच मूठ उघडली. पान! हिरवंगार पान!

चिंगी सावलीत शिरली.

"काकू, तुम्हीपण या ना."

"मी मावेन का गं?"

पानाखाली काकूंचं एक बोट मावलं. चिंगी त्याला टेकली आणि गाढ झोपली.