तिऱ्हाईताचं पाणी

“आणि युद्धात तांदूळ निषिद्ध माल कधी होतो?”

“शत्रूकडे निघाला की.” जनार्दनपंतांनी विचार करायला क्षणही घेतला नाही. “दारूगोळा शत्रूच्या वाटेवर दिसला, की निषिद्धच. तांदळाचं तसं नाही. तांदळाला स्वतःचा गुन्हा नसतो. तो कुणाच्या पोटात जाणार, त्यावर ठरतं. तुम्हीच शिकवलंत, महाराज.”

“पाठांतर चांगलं आहे तुझं, जनोबा.”

निरंजनगिरी गोसावी मठाच्या ओट्यावर बसून दिव्याच्या तेलासाठी उंडीच्या बिया फोडत होते. संन्यास घेण्यापूर्वी ते या बंदरात दर्यावरचे तंटे निवडत. पंत त्यांचे सर्वांत हुशार शिष्य. आता बंदराची चौकी पंतांच्या हाती होती, आणि समोरच्या बेटाशी राज्याचं युद्ध चालू होतं.

खाली खाडीत एक गलबत अडकवून ठेवलं होतं. कच्छचं. कच्छचं या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं; म्हणजे गलबत तिऱ्हाईताचं. तिऱ्हाईताचं गलबत जप्त करायचं, तर त्या जप्तीत ज्याचा वाटा नाही अशा एका जाणत्याचा होकार लागे. तो न्यायला पंत आले होते. होकार मिळाला, की ओहोटीच्या आत शिडं उतरायची, माल वखारीत जायचा, आणि खलाशांना किनाऱ्यावर सोडून द्यायचं, की जा आता पायी कच्छला.

गलबताचा नाखवा, लधा, ओट्याखाली दोन शिपायांच्या मध्ये उभा होता.

“तपासात काय सापडलं?”

“तांदूळ. थोडे नारळ. हत्यार एकही नाही. परवान्याचं दस्तक खरं, शिक्के खरे.”

“मग?”

“तोंड बेटाकडे होतं, महाराज. कच्छची वाट सोडून सरळ बेटाकडे वळलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

“विचारलंस त्याला?”

“विचारलं. म्हणतो, काम होतं. एवढंच. आणि मान ही अशी ताठ!”

“मान तर अशी, महाराज,” एक शिपाई न राहवून म्हणाला, “जसे काही आम्हीच त्याच्या घरात चोरी करताना सापडलो.”

गोसावी हसले. पंत हसले नाहीत.

“हे नाखवे बंदरोबंदरी पैसा पेरतात म्हणे. माझ्या चौकीत पेरायला जमीनच नाही. जप्तीतला माझा वाटा मी आधीच देवळाला लिहून दिला. माझ्या आधीचे अंमलदार गलबतावर चढले, की आधी जेवत आणि मग तपासत. मी कुणाच्या पाण्याच्या थेंबालाही शिवत नाही, शिपायांना शिवू देत नाही. या किनाऱ्यावर असा अंमलदार झाला नाही, हे माझं वाईट चिंतणारेही कबूल करतात.”

“खरं आहे,” गोसावी म्हणाले. “माझा शिष्य म्हणून सांगताना मलाही बरं वाटतं.”

पंतांचा चेहरा उजळला. गुरूंच्या तोंडून हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

“त्यांचं पाणी कसं होतं?”

“काय?”

“पाणी. गलबतावरचं.”

“महाराज, आत्ताच तर म्हणालो…”

“तपासणाऱ्यानं गलबतावर पाय ठेवला, की आधी त्यांच्या पिंपातलं घोटभर पाणी प्यायचं. हा रिवाज तुला सांगितला होता की नाही?”

“सांगितला होता. मोडला मी तो, मुद्दाम मोडला. आधी पाणी, मग सरबत, मग थैली… लाच अशीच जिना चढते. मी पहिली पायरीच काढून टाकली.”

हा रिवाज कुणी घालून दिला आणि का, हे खात्रीनं सांगता येत नाही. जी कारणं सांगतात, ती सगळी मागाहून सुचलेली असू शकतील.

गोसावी उठून आत गेले, तांब्या भरून आणला, पायऱ्या उतरले आणि तो नाखव्यासमोर धरला.

नाखव्यानं तांब्या घेतला. पाण्याकडे पाहिलं. त्याचे ओठ फुटले होते, कोपऱ्यांत पांढरं साचलं होतं. तांब्या तोंडापर्यंत गेला… आणि खाली आला.

“आधी माझी माणसं,” तो म्हणाला. आवाज सुकलेला होता.



“पिंप फुटलेलं होतं, पंत,” मघाचा शिपाई हळूच म्हणाला. “मला वाटलं, आपण गलबत अडवलं त्या धक्क्यानं फुटलं असेल. शिवायची मनाई… म्हणून वाकून पाहिलं नाही.”

पंत नाखव्याकडे वळले. “वादळात फुटलं?”

“वादळात. एक मडकं उरलं, त्यात दर्या शिरला.”

“म्हणून बेटाकडे?”

“बेटावर विहीर आहे, असं ऐकून होतो. तुमच्या खाडीवर तोफा आहेत, हेही ऐकून होतो.”

“तोफा बेटावरही आहेत!”

“त्यांच्या म्हणे उडत नाहीत.”

शिपायाला हसू आलं. पंतांनी पाहिलं, तसं ते गेलं.

“मग तोंड का उघडलं नाहीस? सकाळपासून माझ्यासमोर उभा आहेस!”

“मी तिऱ्हाईत आहे, पंत. तुमच्या शिपायांच्या मध्ये उभं राहून पाणी मागितलं असतं, तर कैदी झालो असतो.”

पंतांना राग आला. पण ती ताठ मान ते बघत राहिले. आपण जणू आरशासमोर उभे आहोत, असं त्यांना वाटलं असेल, किंवा नसेलही.

“तहानेनं सोडलेली वाट,” ते स्वतःशीच म्हणाले, “गुन्ह्यात धरत नाहीत.” हेही त्यांना पाठ होतं.

मग आवाज चढवून त्यांनी हुकूम दिला. “शिडं राहू द्या. पिंपं भरून गलबतावर न्या. आधी खलाशांना पाजा. नाखवा, तुमचं दस्तक तुम्हांला परत मिळेल. ओहोटीबरोबर निघा.”

एक शिपाई पळत उतार उतरला. पंतांनी उपरणं सारखं केलं. मान पुन्हा पहिल्यासारखी झाली.

“चूक माझी होती आणि ती मीच सुधारली, महाराज. होकार न घेताच परत चाललो. असं करणारा अंमलदारही दुसरा सापडायचा नाही.”

“नाही सापडायचा. आणि पाणी?”

“पाठवलं ना! हवं तेवढं देतो.”

“देण्याचं नाही विचारलं. पिण्याचं विचारलं. तुझा रिवाज राहिलाय. मडकं आहे अजून गलबतावर.”

पंत थबकले.

“ते खारं पाणी? आता? सगळ्या बंदरासमोर?”

“हो.”

“उद्या लोक काय म्हणतील? पंत गलबतावर गेले, त्यांचं प्यायले आणि गलबत सोडून दिलं. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल जे कुणी बोलू शकलं नाही, ते पोरंसोरं बोलतील.”

“बोलतील.”

खालून खलाशांचा गलका ऐकू आला. पिंपं पोचली असावीत. नाखव्यानं तो ऐकला, मग तांब्या तोंडाला लावला आणि डोळे मिटून प्यायला.

पंत त्याच्याकडे बघत होते. बोलले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

“महाराज, तुमचा पहिला पाठ आठवतो. निवाडा करणारा दोन्ही बाजूंचा कुणी नसावा. तोही तिऱ्हाईतच हवा. मग त्यांचं पाणी प्यायलो, तर मी तिऱ्हाईत कसा राहीन?”

गोसावी पुन्हा ओट्यावर बसले. एक बी उचलली, पण फोडली नाही.

“आणि आजवर न पिता… कुणाच्या बाजूचा होतास?”