एका चौकटीचा बदल

एका तालुक्याच्या गावात पिण्याचं पाणी तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा होती. तिथे हेमलता बागणे नव्याने कामाला लागली होती. हात चपळ, काम नेटकं. वर्ष पुरं झालं की तिला कायम करू, असं साहेबांनी सांगितलं होतं.

प्रयोगशाळेत संगणक एकच. सगळे आळीपाळीने त्यावर बसत. आकडेमोड संगणकातल्या वह्यांमध्ये चाले. वहीत एकाखाली एक चौकटी असत; चौकटीत आकडे भरले की खाली उत्तर उमटे. उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत दाखवायचं, ते तीन ठिकाणी ठरवता येई: एका चौकटीपुरतं, एका वहीपुरतं, नाहीतर मुख्य सेटिंगमध्ये, म्हणजे सगळ्याच वह्यांसाठी. चौकटीत काही ठरवलेलं असेल तर तेच चाले. नसेल तर वहीतलं. वहीतही काही नसेल, तर मुख्य सेटिंगमधलं.

दस्तगीर मुल्ला हे तिथले जुने तपासनीस. त्यांनी हेमलताला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मुख्य सेटिंगला हात लावायचा असेल तर आधी मला विचार. तिथला बदल कुणाकुणाच्या वहीत शिरतो, ते बसल्या जागी कळत नाही."

तिचं वर्ष पुरं होत आलं असताना एका सोमवारी हेमलता बैठकीसाठी तक्ता करत होती. आकडे लांबलचक, रकान्यात मावेनात. त्या एका चौकटीची सेटिंग कुठून उघडायची ते तिला आठवेना. मुल्ला पाण्याचे नमुने आणायला बाहेर गेले होते. मुख्य सेटिंग मात्र समोरच होती. तिने तिथे दोनाचं एक दशांश स्थळ केलं आणि तक्ता छान बसला.

मनात थोडी शंका होती, म्हणून तिने आपली दुसरी एक वही उघडून पाहिली. तिथले आकडे पूर्वीसारखेच होते. त्या वहीत तीन दशांश स्थळं आधीच ठरवून ठेवलेली होती, म्हणून ते बदलले नव्हते. पण हे तिच्या ध्यानात आलं नाही. कुठे काही बिघडलेलं नाही असं समजून ती बैठकीला गेली. बदल तसाच राहून गेला.

बुधवारी मुल्लांनी खैरवस्तीच्या नव्या बोअरचं पाणी तपासलं. त्या पाण्यात फ्लोराइड किती, हा प्रश्न होता. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत असेल तर पाणी प्यायला योग्य, त्यापुढे नाही. वहीत उत्तर आलं १.५. नेहमी दोन दशांश स्थळं दिसत, आज एकच दिसलं. शेवटचं शून्य दाखवलं नसेल, असं म्हणून त्यांनी पाणी प्यायला योग्य असल्याच्या दाखल्यावर सही केली. वस्तीतल्या बाया तोवर दोन किलोमीटरवरून पाणी आणत होत्या. दुसऱ्या दिवशी बोअर सुरू झाला आणि त्यांची पायपीट थांबली.

पुढच्या सोमवारी हेमलता दाखल्यांच्या प्रती फाइलला लावत होती. तिला मुल्लांचे सगळे आकडे एकाच दशांश स्थळाचे दिसले. तिने संगणकावर मुख्य सेटिंग पूर्ववत केली आणि मुल्लांची वही उघडली. खैरवस्तीसमोर आकडा होता १.५४.

सेटिंग आता जागेवर आली होती. दाखल्यावर सही मुल्लांची होती. तिला कायम करायची ऑर्डर तीन आठवड्यांवर होती. तिने दाखल्याची ती प्रत फाइलमधून काढली. मग उठून मुल्लांच्या टेबलापाशी गेली.

"सर, खैरवस्तीचा दाखला चुकला आहे. मुख्य सेटिंग मी बदलली होती. तुम्हाला न विचारता."

मुल्लांनी आकडा पाहिला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कधी बदललीस?"

"मागच्या सोमवारी. माझ्या एका तक्त्यासाठी."

"सही माझी आहे," मुल्ला म्हणाले. "एकच दशांश स्थळ दिसलं तेव्हाच मी थांबायला हवं होतं. चल, आधी वस्तीवर जाऊ. साहेबांना आल्यावर सांगू."

वस्तीवर बाया बोअरपाशी हंडे भरत होत्या. हेमलताने स्वतःच सांगितलं की हे पाणी प्यायचं नाही, चूक तिची आहे. गजराबाई नावाच्या म्हातारीने भरलेला हंडा खाली ठेवला.

"चार दिवस पितोय की आम्ही. पोरांचं काय?"

"चार दिवसांनी काही होत नाही, आजी. वर्षानुवर्षं प्यालं तर दात आणि हाडं खराब होतात. धुण्याभांड्याला चालेल."

"म्हणजे प्यायचं पाणी पुन्हा डोक्यावरून," गजराबाई म्हणाली. मग हेमलताकडे पाहून म्हणाली, "सांगायला आलीस, ते बरं केलंस."

त्या दिवशी बोअरला तांबडा रंग लावला, म्हणजे पाणी प्यायचं नाही हे लांबूनच कळावं. जुना दाखला रद्द झाला. हेमलताची ऑर्डर साहेबांनी सहा महिने पुढे ढकलली आणि मुल्लांना लेखी समज मिळाली. मुल्लांनी त्याच दुपारी आपल्या प्रत्येक वहीत दोन दशांश स्थळं कायमची ठरवून टाकली. मग हेमलताला शेजारी बसवून एका चौकटीची सेटिंग कशी उघडायची ते दाखवलं. तिने ते तीनदा करून पाहिलं.

तात्पर्य: आपल्या सोयीचा बदल आपल्या कामापुरताच करावा; आणि तो दुसऱ्याच्या कामात शिरला असेल, तर कुणी शोधून काढायच्या आधी आपणच जाऊन सांगावं.