वाकलेले रोहू आणि लिंबाची फोड

"बाई, पावडर दुप्पट टाकूनही माशांचे कणे वाकतात, ते काहून?"

हेमराज नान्हेनं अंगणात बादली ठेवली होती. बादलीत काही रोहू होते. पाठी विळ्यासारख्या वाकलेल्या, पोहता पोहता एका अंगावर कलंडणारे.

बोपचेबाईंनी आधी बादलीत पाहिलं, मग हेमराजकडे. माशांना काय खाऊ घालावं हे त्यांनी आयुष्यभर कॉलेजात शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर या तलावाच्या गावी येऊन राहिल्या होत्या. मी त्यांचा शेजारी. त्या वेळी ओसरीवरच बसलो होतो, म्हणून हे सांगू शकतो.

हेमराज बाईंचा सर्वांत हुशार विद्यार्थी. हे बाईंना माहीत होतं. पंचाईत अशी की हेमराजलाही माहीत होतं.

"कसली पावडर?" बाईंनी विचारलं.

"क जीवनसत्त्वाची. तुम्हीच शिकवलं ना... बकरी आपलं आपण तयार करते, माशाला जमत नाही. त्याला ते खाण्यातून द्यावं लागते. नाही दिलं तर कणा वाकतो, जखम भरत नाही."

"आणि माणसाला जमतं?"

"माणसालाही नाही जी."

"म्हणजे तू आणि मासा एकाच पंगतीचे."

हेमराज हसला. बाई गंमत करताहेत असं त्याला वाटलं. पण लगेच त्याचा चेहरा उतरला.

गावच्या मच्छीमार संस्थेनं तलाव त्याच्या हाती दिला होता. जुनी माणसं काही सुचवू लागली, तेव्हा त्यानं भर सभेत सांगितलं होतं की मला कोणी शिकवायची गरज नाही. आता रविवारी तीच माणसं जाळं टाकून मासे बघणार होती.

"हे मासे त्यांनी पाहिले तर तलाव माझ्या हातून गेला, बाई. काही औषध सांगा. कणा सरळ होईल असं."

बाई बादलीपाशी वाकल्या.

"खाद्य कसं करतोस?"

हेमराज सावरून बसला. हे सांगायला त्याला आवडायचं.

"कोंडा अन् पेंड मोठ्या कढईत शिजवतो. रटरटायला लागलं की पावडर टाकतो, म्हणजे सगळीकडे सारखी मुरते. कोणाला कमी पडू नये म्हणून दुप्पट. स्वतः ढवळतो. दुसऱ्याला हात लावू देत नाही."

"जेवून जा," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

हेमराज मागोमाग स्वयंपाकघरात गेला. मीही गेलो. भात झालेला होता. वरणाचं पातेलं गॅसवर रटरटत होतं. बाईंनी एक लिंबू चिरलं, अर्धं त्या उकळत्या वरणात पिळलं आणि सालही आत सोडून दिली.

मी चकित झालो. बाईंच्या हातची चव साऱ्या गल्लीला ठाऊक होती.

"बाई! हे काय करता?" हेमराज ओरडलाच.

"काय झालं?"

"उकळत्या वरणात लिंबू कोणी पिळते काय? कडू जहर होईल! लिंबू विस्तवावर नाही टाकत, बाई. पानात वाढतात. माझ्या मायनं लहानपणीच..."

तो थांबला.

वरण रटरटत होतं...

"पानात वाढतात," तो पुन्हा म्हणाला. या वेळी अगदी हळू.

बाईंनी उरलेलं अर्धं लिंबू त्याच्यासमोर धरलं.

"हेही टाकू? दुप्पट होईल."

हेमराज खाली बसला. बाईंच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारल्यासारखं त्यांनी विचारलं होतं. एवढा मोठा धडा इतक्या हलक्या हातानं देणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या क्षणी मला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

"क जीवनसत्त्व उकळीत टिकत नाही. सगळी पावडर जाळून टाकली मी," हेमराज म्हणाला. "रोज. माझ्याच हातानं ढवळून ढवळून जाळली."

बाईंनी गॅस बंद केला.

"आता खाद्य निवल्यावर टाकीन, बाई. तलावावर नेताना, अगदी शेवटी."

"हं."

"मग हे सरळ होतील?"

"नाही. वाकलेला कणा सरळ होत नाही."

"कधीच?"

"कधीच."

बाहेर बादलीत पाणी डुचमळल्याचा आवाज आला. एखादा मासा वळत असावा...

"मग एक करतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "रविवारच्या आत वाकलेले तेवढे वेचून काढतो. बांधापलीकडे पुरून टाकतो. जाळ्यात चांगलेच येतील. कोणाला कळणारही नाही. चालेल ना, बाई?"

बाईंनी त्याच्यापुढे पळसाची पत्रावळ मांडली. भात वाढला. त्यावर ते कडू वरण वाढलं. डाव्या हाताला चिमूटभर मीठ ठेवलं. मग दुसरं, ताजं लिंबू चिरलं आणि त्याची फोड मिठाशेजारी ठेवली.

हेमराज अजून उत्तराची वाट बघत होता. हात पानाला लावत नव्हता.

बाईंनी दारातून अंगणातल्या बादलीकडे पाहिलं.

"पुरायचं कशाला? त्यांनाही वाढ," त्या म्हणाल्या.